सातबाऱ्यावर नाव नसलेले रहिवासी

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला विषय विचारला, आणि "रानातल्या जनावरांचा आसरा व जमिनींचे नवे आराखडे" असे आम्ही सांगितले, तेव्हा ते थोडे बुचकळ्यात पडले. त्यांचे काही चुकले असे नाही. आमचा सारा जन्म आधी सूतगिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर यंत्रमाग, विडी व बांधकाम या धंद्यांतल्या कामगारांच्या संघटनेत गेला. शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर झाले. अशा माणसाने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. लांडग्या-काळविटांशी त्याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. जनावरे वाचवा म्हणणारे लोक म्हणजे पोट भरलेले लोक, हे आमचे ठाम मत होते, आणि ते आम्ही गेटवरच्या सभांतून मोठ्या आवाजात सांगितलेही आहे. ते मत कसे मोडले, तेथूनच सुरुवात करू.

२००९ साली आमच्या जिल्ह्यातल्या एका माळावर मोठा कारखाना येणार होता. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. गिरण्या बंद पडून माणसे रिकामी झालेली, पोरे पुण्या-मुंबईची वाट धरू लागलेली, अशा वेळी कारखाना येतो म्हटल्यावर आम्हांला आभाळ ठेंगणे झाले. सरकारी नियमाप्रमाणे जनसुनावणी निघाली. आम्ही तीन टेम्पो भरून माणसे नेली आणि मंडपात पुढच्या रांगा धरल्या. कंपनीच्या साहेबांनी स्थानिकांना प्राधान्य देऊ असे भाषणात सांगितले, आम्ही टाळ्या पिटल्या.

मग मागून एक म्हातारा धनगर उठला. घोंगडे खांद्यावर, हातात काठी. ध्वनिक्षेपक तोंडापासून हातभर लांब धरून तो म्हणाला, "सायेब, त्या वड्याच्या वरल्या अंगाला लांडग्याची बिळं हायती. तितं भित घातली तर ती जनावरं खाली वाड्यांवर येत्याल. मागनं आमास्नी सांगू नगा." एवढेच. आमच्या माणसांनी हुर्यो केली. "लांडग्याला नोकरी द्या!" असे कोणी तरी ओरडले आणि मंडपात हशा पिकला. आम्ही त्यांना आवरले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

कारखाना झाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला भिंत पडली. पुढच्या दोन हिवाळ्यांत खालच्या वाड्यांवर लांडग्यांनी मेंढरे मारली, लोकांनी धूर करून बिळे बुजवली, आणि ज्या माणसाने आगाऊ सांगितले होते त्याचीच अकरा मेंढरे गेली. आता नोकऱ्यांचे ऐका. ठेकेदाराने आपली माणसे बाहेरून आणली. आम्ही निवेदन घेऊन गेलो तेव्हा आमच्यापुढे मंजुरीचे पत्र टाकण्यात आले. त्यात स्थानिकांच्या नोकऱ्यांविषयी एक अक्षर नव्हते, लांडग्यांविषयीही नव्हते. सुनावणीच्या इतिवृत्तात आमच्या सगळ्या गर्जनेचे एकच वाक्य झाले होते : "उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले."

पंचवीस वर्षे कामगारांना आम्ही शिकवत आलो होतो, की मालकाचे तोंडी बोलणे म्हणजे वाऱ्यावरची वरात. करारात येईल तेवढेच आपले. आणि येथे आम्ही स्वतःच वाऱ्यावर नाचून आलो होतो. त्या रात्री धनगराच्या पालावर जाऊन आम्ही माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी माळ दाखवायला नेले.

त्या माळाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्यापैकी पुष्कळांना माळ म्हणजे काहीच नसलेली जागा वाटते. सातबारा उतारा काढला तर तेथे पडीक, पोटखराबा, गायरान असे शब्द आढळतात. सरकारी नकाशांतूनही अशा गवताळ जमिनींची गणना बहुधा पडीक जमिनींत झालेली आहे. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती वाया गेलेली जमीन, असा हिशेब होता. तो हिशेब आपण स्वराज्यातही चालू ठेवला. मग कोठे वसाहत काढायची, कोठे कारखाना, कोठे सौर पट्ट्यांचे रान, असा प्रश्न आला की बोट पहिल्याने या जागेवर पडते. जंगल तोडायचे तर निदान झाडे दिसतात, लोक हळहळतात. गवत खरवडले तर कोणी हळहळत नाही.

वास्तविक हा माळ नांदता असतो. काळवीट हे उघड्या गवताचे जनावर आहे. दूरवर नजर टाकून आणि पायांच्या वेगावर ते जीव वाचवते, दाट झाडीत त्याचा निभाव लागत नाही. लांडगा ओढ्याच्या काठाला, मऊ मातीच्या दरडीत बीळ करतो आणि हिवाळ्यात मादी तेथे पिल्ले घालते. खोकड आहे, ससा आहे, तित्तिर आहेत. थंडीत दूर उत्तरेकडून भोवत्या ससाणे येतात आणि रात्री गवतात जमिनीवरच थव्याने उतरतात. आणि माळढोक! आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजचे नाव या पक्ष्यामुळे देशभर झाले. नर दहा-बारा किलो वजनाचा, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. एवढा जड पक्षी उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, कारण त्याचे डोळे बाजूंना असतात. दिसली तरी वळणे साधत नाही. राजस्थान आणि गुजरातेत विजेच्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने मोठ्या टापूत तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ साली तो व्यवहार्य नाही म्हणून सैल करून तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. नान्नजच्या माळावर तर आता एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

या सर्वांना लागते काय? तर राहण्याची जागा, खाण्याची जागा, पाण्याची जागा आणि या तिन्हींमधली वाट. पुस्तकांत याला अधिवास म्हणतात. आम्ही कामगारांना असे समजावतो : तुमची खोली सोडली, पण नळ, दुकान आणि गिरणीचा रस्ता यांवर भिंत घातली, तर ती खोली तुमची राहिली काय? जनावराची वाट तोडली की त्याची खोलीही गेली. आणि ही जनावरे सातबाऱ्यावर ना कब्जेदार म्हणून असतात, ना इतर हक्कांत. कुळकायद्यानेही त्यांना काही दिलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा, काळवीट, माळढोक यांची नावे आहेत खरी. परंतु ते संरक्षण प्रामुख्याने शिकारीपासूनचे आहे. अभयारण्याबाहेरच्या माळावर कोणी बंदूक न उचलता नुसती भिंत घातली, तर तो कायदा बहुतेक वेळा हात चोळीत बसतो. तेथे उपयोग होतो तो दुसऱ्या एका व्यवस्थेचा. ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायुकांड झाले. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्याखाली १९९४ च्या जानेवारीत अधिसूचना निघाली, की अमुक प्रकारचे प्रकल्प सुरू करण्यापूर्वी त्यांचा परिसरावर काय आघात होईल याचा अभ्यास करून आगाऊ मंजुरी घेतली पाहिजे. तिच्या जागी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली आणि पुष्कळ दुरुस्त्यांसह आजची व्यवस्था तिच्यावरच उभी आहे. कामगारांच्या बळींतून निघालेला हा कायदा आहे, हे आमच्याच लोकांना ठाऊक नसते!

तिचा क्रम असा. मालक अर्ज करतो. अभ्यासात काय काय पाहावे हे तज्ज्ञ समिती ठरवून देते. मालक एका सल्लागार कंपनीकडून अहवाल करवून घेतो. त्या अहवालाच्या मसुद्यावर लोकांची सुनावणी होते. लोकांनी काढलेल्या मुद्द्यांना उत्तरे देऊन मालकाने अहवाल पुरा करायचा, आणि मग तज्ज्ञ समिती तो तपासून मंजुरीची, अटींची किंवा नकाराची शिफारस करते. आता यात खोच कोठे आहे ते चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. अहवाल लिहिणाऱ्याचा पगार मालकाच्या खिशातून येतो. कामगाराच्या जखमेचा दाखला मालकाच्या डॉक्टरने द्यावा, त्यातलाच हा प्रकार. सगळेच सल्लागार खोटे लिहितात असे आम्ही म्हणत नाही; चांगली माणसे आम्ही पाहिली आहेत. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरला होता आणि कोकणातल्या पक्ष्यांची वस्ती स्प्रूस व बर्चच्या रानात असल्याचे त्यात लिहिले होते, ही गोष्ट जगजाहीर आहे. हापूसच्या मुलखात बर्फातली झाडे! ती चोरी उघड झाली, कारण कोणी तरी तो अहवाल बसून वाचला.

म्हणून पहिली गोष्ट, अहवाल वाचणे. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत, त्यांत एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. सहाशे-सातशे पाने पाहून घाबरू नये. आम्ही नववी नापास. आम्हांला जमते तर कोणालाही जमेल. जनावरांपुरते बोलायचे तर चार-दोन जागा शोधून वाचल्या की पुरे.

पाहणी कोणत्या महिन्यांत केली ते आधी पाहावे. पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती पुष्कळ प्रकल्पांना चालते, आणि तो एक ऋतू अनेकदा मार्च ते मे असा धरलेला असतो. आता आमच्याकडचा माळ मे महिन्यात पाहिला तर काय दिसणार? गवत करपलेले, हिवाळी पाहुणे परत गेलेले, लांडग्याची पिल्ले बिळाबाहेर पडून फिरती झालेली. आणि जमिनीवर अंडी घालणारे माळाचे कितीक पक्षी विणीला बसतात ते पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या वगळलेल्या महिन्यांत. सुटीच्या दिवशी खात्यात जाऊन हजेरी घ्यायची आणि येथे कोणी कामगारच नाहीत म्हणून शेरा मारायचा, यात आणि त्यात फरक काय? लिहिणारा खोटे लिहीत नाही. त्याला खरोखरच काही दिसलेले नसते.

मग प्राण्यांची यादी पाहावी. पहिल्या अनुसूचीतला प्राणी यादीत आला, की त्याच्या रक्षणाची योजना, पैशाच्या तरतुदीसह, द्या असे समिती बहुधा सांगते. त्यामुळे लांडगा जाऊन त्या जागी नुसता "भटका कुत्रा" उरला, तर मालकाचा बराच त्रास वाचतो. यादी करणाऱ्याने गुराखी, मेंढके, पारधी यांच्यापैकी कोणाला विचारले काय, हे सुनावणीत विचारावे. नकाशाही पाहावा. ओढे, नाले, तळी, गायरानाच्या वाटा त्यावर काढल्या आहेत की कोऱ्या कागदावर नुसता लाल चौकोन आहे? आणि शेवटी, दुसरी जागा पाहिली होती काय? पर्यायी जागांचे प्रकरण अहवालात असते. ते बहुधा अर्ध्या पानाचे असते आणि त्यात हीच जागा सर्वोत्तम ठरते.

जागेचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुन्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असल्या तर पाळणाघर हवे, अडीचशेहून अधिक कामगार असले तर उपाहारगृह हवे, अशी कलमे होती. आता तो कायदा नव्या संहितेत गेला. त्या काळी आमचा अनुभव असा, की इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी पाळणाघराची खोली त्यात दाखवून घेतली तर ती बांधली जाई. एकदा इमारत उभी राहिली की साहेब चारी बाजूंना हात दाखवून विचारीत, "आता कुठे काढू सांगा?" आणि त्यांचेही खरेच असे. मग जिन्याखाली एक झोळी बांधली जाई आणि तिला पाळणाघर म्हणत. जनावरांच्या बाबतीत हेच होते. ओढ्याकाठची पट्टी सोडा, भिंत पन्नास हात अलीकडे घ्या, ही मागणी नकाशा पेन्सिलीत असताना केली तर तिला जवळजवळ खर्च नाही. पाया भरल्यावर तीच मागणी कोट्यवधींची होते, आणि मग विकासाचे विरोधक म्हणून आपल्यालाच बोल लावतात.

या शास्त्रातले जाणकार एक चढती पायरी सांगतात : आधी हानी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, झालेली दुरुस्त करा, आणि हे सगळे करून जी उरेल तिचीच अन्यत्र भरपाई करा. व्यवहारात ही पायरी बहुधा उलटी चढली जाते. भरपाई आधी लिहून टाकायची, की टाळण्याचा प्रश्नच निघत नाही. "प्रकल्पाच्या बदल्यात दहा हजार झाडे लावू" हे वाक्य ऐकले की मंडपात टाळ्या पडतात. पण झाडे कोठे लावणार? तर दुसऱ्या एखाद्या माळावर! तेथे खड्डे खणून गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या की काळविटाची आणि माळढोकाची तीही जागा गेली. एक घर मोडले म्हणून दुसरे बुजवले, अशी ही भरपाई. झाडाला आमचा विरोध नाही. पण माळाला झाड नको असते, हे आपल्या लोकांना पटवणे फार जड जाते. आमच्या संघटनेनेही पूर्वी मे दिनाला माळावर झाडे लावली आहेत. सुदैवाने ती जगली नाहीत.

टाळणे आणि कमी करणे खरोखर जमते काय, की हे नुसते पुस्तकी बोलणे? याचे उत्तर पाहायचे असेल तर आपल्याच राज्यात नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जावे. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, आताचा ४४. हा रस्ता पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला लागून, कान्हा, पेंच आणि नवेगाव-नागझिरा या रानांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. वयात आलेला नर वाघ आईच्या मुलखातून बाहेर पडून नवा मुलूख शोधतो; त्याची वाट या रस्त्याला आडवी जाते. रस्ता चौपदरी करायचा ठरला तेव्हा कित्येकांनी म्हटले, हा रस्ता रुंद न करता वाहतूक छिंदवाड्यावरून वळवा. ते झाले नाही. मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास करून, रस्ता जागोजाग उचलून घ्या आणि जनावरांना खालून जाऊ द्या, असे सुचवले. खर्चावरून वाद झाला. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ झाले, राष्ट्रीय हरित लवाद झाला, वर्षे गेली. शेवटी देवघेव होऊन महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा बांधल्या गेल्या. काही लहान पूल, काही खास जनावरांसाठी काढलेले भुयारी मार्ग. सर्वांत अरुंद ५० मीटरचा आणि सर्वांत रुंद ७५० मीटरचा. शिवाय गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणारे आडोसे.

२०१९ साली वन्यजीव संस्थेने या पुलांखाली आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावले. अठरा जातींची रानटी जनावरे तेथून जाताना टिपली गेली. चितळ, रानडुक्कर, नीलगाय, रानकुत्री आणि वाघही. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे वेगवेगळे असतात. त्यावरून दहा-अकरा निरनिराळे वाघ तेथून ये-जा करीत असल्याचे कळले. ज्या मंडळींनी "वाघ काय पाटी वाचून पुलाखालून जाणार?" अशी थट्टा केली होती, त्यांना वाघांनीच उत्तर दिले. आम्ही तो रस्ता एस.टी.तून पाहिला. वरून आमची गाडी धडधडत गेली, बाजूला आडोसा आणि खाली अंधार. त्या अंधारात त्या घटकेला काय चालले असेल, याचा विचार रामटेक येईपर्यंत मनातून गेला नाही.

यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या नऊ जागा मिळाल्या त्या न्यायालयाचे जोडे झिजवून, आणि वाघासाठी. वाघाला वकील मिळतो. लांडग्याला, खोकडाला, तणमोराला नागपूर खंडपीठापर्यंत कोण नेणार? त्यांच्यासाठी तालुक्याचा मंडप हीच कचेरी आहे.

जनावरांची बाजू घेणाऱ्यांकडूनही चुका होतात, आणि त्यातली मोठी चूक आमच्या दाराशीच घडली. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर धरण्यात आले. त्यात शेते आली, गावे आली, बाजारपेठा आल्या. प्रत्यक्ष पक्ष्याच्या उपयोगाचे गवताळ तुकडे त्यात थोडेच होते. परिणाम असा झाला, की जमिनीच्या व्यवहाराला, बांधकामाला अडचण आली की शेतकरी पक्ष्याच्या नावाने बोटे मोडू लागला. ज्याच्या शेताच्या बांधावर माळढोक पिढ्यान् पिढ्या निर्धास्त फिरला, तोच त्याचा वैरी झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. पण तोवर पक्षीही गेल्यातच जमा होते. कोरा नकाशा घेऊन कारखान्याचा लाल चौकोन काढणे आणि तसाच कोरा नकाशा घेऊन अभयारण्याची हिरवी रेघ ओढणे, या दोहोंत जागेवर जाऊन कोणी विचारले नाही, हा दोष सारखाच आहे.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, हे सगळे खेड्यांचे आणि रानाचे झाले; आपला काय संबंध? पण शहराची हद्द वाढते ती माळावरच. आणि घरबांधणीचे नियम आणखी वेगळे आहेत. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी लागते, परंतु इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. तेव्हा शहरवासीयांना तोंड उघडण्याची खरी जागा म्हणजे विकास योजना. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे तिचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, आणि साधारण वीस वर्षांतून एकदा ती नव्याने होते. पिवळा पट्टा, हिरवा पट्टा, आरक्षण हे सगळे त्याच वेळी ठरते. आपण आपल्या गुंठ्यावर आरक्षण पडले काय एवढे पाहतो आणि नकाशाची घडी घालतो. त्याच नकाशावर ओढा आहे काय, तळ्याभोवतीची पाणथळ जागा पिवळ्या रंगात तर गेली नाही ना, हे पाहायला आणखी पाच मिनिटे लागतात. ते पाहणाऱ्या हरकती फारच थोड्या येतात.

आमच्या संघटनेत यावर पुष्कळ भांडण झाले. एक तरुण कार्यकर्ता आम्हांला म्हणाला, "दादा, तुम्ही आता म्हातारपणी जनावरांचे पुढारी झालात. आमच्या पोरांच्या भाकरीचे काय?" त्याला आम्ही २००९ ची मंजुरीची प्रत दाखवली. म्हटले, यात लांडगा नाही. बरे, तू कोठे आहेस ते दाखव. जो मालक ओढ्याची गोष्ट गाळून अहवाल करतो, तोच कामगाराची गोष्ट गाळून करार करतो. कारण दोन्हींत त्याला विचारणारे कोणी नसते. हे त्याला पुरते पटले असे नाही. पण तेव्हापासून सुनावणीला जाताना आम्ही दोन कागद नेतो. एकावर नोकऱ्यांची मागणी, किती, कोणत्या आणि किती दिवसांत, हे आकड्यांनिशी. दुसऱ्यावर जमिनीची मागणी, तीही आकड्यांनिशी : ओढ्यापासून इतके मीटर सोडा, कुंपण इतके उंच व खालून इतके मोकळे ठेवा, रात्री दिवे अमुक बाजूला नकोत, पाहणी नोव्हेंबर ते जानेवारीत पुन्हा करा. दोन्ही कागदांच्या पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय मंडप सोडायचा नाही.

मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. मंजुरीचा आदेश चुकीचा वाटला तर हरित लवादाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर लवाद आणखी साठ दिवसांपर्यंत मुदत देतो. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे. आणि अटी पाळल्या की नाही याचा अहवाल मालकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो मागून वाचणारा माणूस जिल्ह्यात एक जरी असला तरी फरक पडतो, हा आमचा अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात पुन्हा एका प्रकल्पाची सुनावणी झाली. या वेळी आम्ही टेम्पो एकच नेला आणि त्यात पुढे ड्रायव्हरशेजारी त्या धनगर बाबांना बसवले. आता ते फार थकले आहेत. त्यांनी पूर्वीइतकेच थोडके सांगितले : कोणत्या नाल्यात बिळे आहेत, कोणत्या महिन्यात, वाट कोठून. कोणी हसले नाही. नियमाप्रमाणे शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला लागले. लेखनिकाने "परिसरात कोल्ह्यांचा वावर असल्याचे एका ग्रामस्थाने सांगितले" असे वाचले, तेव्हा बाबा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "कोल्हा न्हवं, लांडगा. परत लिवा." अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी ते खोडून परत लिहायला लावले, आणि ते लिहून पुन्हा वाचेपर्यंत बाबा खाली बसले नाहीत.

त्या प्रकल्पाला अटींसह मंजुरी मिळाली आहे. नाल्याच्या दोन्ही काठांना पट्टी सोडण्याची अट आली. आम्ही मागितली त्याहून ती अरुंद आहे, पण आली. नोकऱ्यांबद्दलही एक कलम आले आहे, त्याची भाषा ढिली आहे. भिंतीची आखणी पावसाळ्यापूर्वी होणार असे कळते. फीत घेऊन ती मोजायला आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी संघटनेच्या कचेरीत नाव द्यावे. सकाळी साडेपाचला निघायचे आहे. पाणी आपापले आणावे, माळावर सावली नाही.